घरच्या टीकाकाराची नियत

बहुपत्नीत्व सोडण्याच्या मॉर्मन चर्चच्या १८९०च्या जाहीरनाम्याकडे आज वळायचं ठरलं होतं, पण तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचं चरित्र लिहिणाऱ्या फॉन ब्रोडींवरचा भाग वाचून एका वाचकांचं पत्र आलं आहे, आणि ते बाजूला ठेववत नाही. ते विचारतात, ज्याला आपल्याच पंथात एवढं खोटं दिसतं तो तिथे राहतो कशाला? आणि राहिलाच, तर त्याची टीका मनापासूनची आहे हे कशावरून मानायचं?

मॉर्मन टीकाकारांना हा प्रश्न दोन्हीकडून ऐकावा लागतो. आतले म्हणतात, टीका करतोस म्हणजे तुझी श्रद्धा नाही. बाहेर पडलेले म्हणतात, आत राहतोस म्हणजे तुझ्यात धमक नाही. ब्रोडींचा निकाल १९४६ मध्ये लागला, त्यांना बहिष्कृत केलं गेलं. त्यामुळे त्यांच्यापुरता हा प्रश्न उरला नाही. तो खरा उरतो वानिटा ब्रुक्स यांच्याबाबत. या बाईंबद्दल लिहायची संधी मी पहिल्या भागापासून शोधत होतो.

ब्रुक्सबाई १८९८ मध्ये नेवाडातल्या बंकरव्हिल या मॉर्मन खेड्यात जन्मल्या. लग्नाला वर्ष उलटल्यावर थोड्याच काळात पती कॅन्सरने गेला, पदरी तान्हं मूल. शिक्षिकेची नोकरी करत त्या शिकल्या आणि थेट कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. घेऊन आल्या. पुढे युटातल्या सेंट जॉर्जला दुसरा संसार थाटला. तिथल्या चर्चच्या महिला संघटनेचं, रिलीफ सोसायटीचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

मेस्किट गावात शिकवत असताना नेफाय जॉन्सन नावाच्या वृद्धाने त्यांना सांगितलं होतं, आयुष्यभर तोंडातून न काढलेली एक गोष्ट तुझ्याकडून लिहून घ्यायची आहे. शाळेच्या व्यापात ते लांबलं. त्या पोहोचल्या तेव्हा म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता आणि भ्रमात रक्त, रक्त असं ओरडत होता. गोष्ट सांगायची राहूनच गेली. तो माउंटन मेडोज हत्याकांडात सामील होता, हे त्यांना नंतर कळलं.

११ सप्टेंबर १८५७. आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेला एक तांडा दक्षिण युटात वेढला गेला होता. मॉर्मन मिलिशियाने पांढरं निशाण दाखवलं, सुखरूप बाहेर नेतो म्हणून शब्द दिला, शस्त्रं ठेवायला लावली आणि सुमारे १२० माणसं मारली. वाचली ती १७ लहान मुलं. खापर बरीच वर्षं पायूट आदिवासींवर फोडलं गेलं. गोऱ्यांपैकी शिक्षा झाली ती एकट्या जॉन डी. ली याला. १८७७ मध्ये त्याच माळावर नेऊन त्याला गोळ्या घातल्या.

ब्रुक्सबाईंनी हे सगळं उकरायला घेतलं तेव्हा घर भरलेलं होतं आणि शेजारपाजारच्या बायकांची ये-जा चालू असायची. लिहिताना त्या इस्त्रीचे कपडे जवळच ठेवत. दार वाजलं की कपडे टाइपरायटरवर टाकायचे आणि इस्त्री हातात घ्यायची. जुन्या साक्षीपुराव्याची काही कागदपत्रं चर्चच्या सर्वोच्च कार्यालयात होती. ती पाहू द्या म्हणून त्या सॉल्ट लेक सिटीला गेल्या, तर नकार मिळाला. तो नकारही त्यांनी पुस्तकात नोंदवला. १९५० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते छापलं.

त्यांचा निष्कर्ष कुणाच्याच सोयीचा नव्हता. तेव्हाचे चर्चप्रमुख ब्रिगहम यंग यांनी कत्तलीचा हुकूम दिला नव्हता, असं त्या म्हणतात, त्यामुळे चर्चचे शत्रू नाराज. पण यंग आणि चर्चचे दुसरे नेते जॉर्ज ए. स्मिथ यांच्या भडक भाषणांनी वातावरण पेटलं, नंतर यंग यांनी गुन्हा झाकला आणि लीचा बळी दिला, हेही त्या म्हणतात, त्यामुळे चर्चचे भक्तही नाराज.

पत्र पाठवणाऱ्या वाचकांनी नीट पाहावं ते हे. नियत तपासायची तर टीकाकार कुठे बसतो हे बघू नये. आपल्या बाजूला अडचणीचा ठरणारा पुरावा तो ठेवतो की गाळतो, ते बघावं. १९६१ मध्ये चर्चने लीचं सदस्यत्व मरणोत्तर बहाल केलं, पण गाजावाजा नको होता. ब्रुक्सबाईंचं लीवरचं चरित्र तेव्हा छपाईच्या वाटेवर होतं. ही बातमी त्यात घेऊ नका, असा दबाव वरून आला, लीच्या वंशजांकडूनही आला. चर्चचे अध्यक्ष तेव्हा डेव्हिड ओ. मके होते, ब्रोडींचे सख्खे काका. बाईंनी बातमी छापली. त्यांना कुणी बहिष्कृत केलं नाही, आणि १९८९ मध्ये मरेपर्यंत त्या मॉर्मनच राहिल्या.

भीतीपोटी राहणाऱ्या बाईने ही बातमी गाळली असती. आणि पंथ मोडायलाच बसलेल्या बाईने यंगना हुकुमाच्या आरोपातून कधी सोडलं नसतं. ब्रुक्सबाईंच्या प्रामाणिकपणावर मला शंका घेता येत नाही.

११ सप्टेंबर २००७ रोजी, हत्याकांडाला १५० वर्षं झाली तेव्हा, चर्चचे वरिष्ठ नेते हेन्री आयरिंग यांनी त्याच माळावर खेदाचं निवेदन वाचून दाखवलं आणि पायूटांवर अन्यायाने दोष ठेवला गेल्याचंही मान्य केलं. पुढच्या वर्षी चर्चशी संबंधित तीन इतिहासकारांचं पुस्तक ऑक्सफर्डकडून आलं. या वेळी चर्चचं दफ्तर लेखकांना खुलं होतं.

१८९०चा जाहीरनामा आता पुढच्या आठवड्यात नक्की. तिथेही एक घरचाच टीकाकार भेटेल, मायकेल क्विन. १९९३ मध्ये त्याला बहिष्कृत केलं गेलं, आणि तरीही जोसेफ स्मिथवरची आपली श्रद्धा कायम आहे असं तो सांगत राहिला. पत्रलेखक वाचकांनी त्याच्याबद्दलचं मत तोवर राखून ठेवावं, ही विनंती.