एक वायर, तीन चुली

आमच्या वाड्यात विजेचे मीटर तीन आहेत, पाण्याचं कनेक्शन एक आहे, आणि गेल्या उन्हाळ्यापासून इंटरनेटही एकच आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे पणजोबांच्या वेळचं घर. खाली आजी आणि थोरले काका-काकू, मधल्या मजल्यावर आम्ही, वर धाकटे काका-काकू आणि त्यांची दोन मुलं. चुली वेगळ्या होऊन वीस वर्षं झाली, पण जिना, चौक आणि गणपती अजून एकत्र आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कुठेही आपल्या लोकांची जुनी घरं साधारण अशीच. म्हणून आमच्याकडे हे काम कसं झालं ते लिहिते आहे. तुमच्या घरातही ते तुमच्यावरच येणार आहे.

आधी बाबांकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं जुनं कनेक्शन होतं, बाकीचे सगळे मोबाइल डेटावर. बारावीतली चुलतबहीण लेक्चर डाउनलोड करायला भर मे महिन्यात गच्चीवर जाऊन बसायची, कारण रेंज तिथेच मिळायची. चुलतभाऊ रात्रपाळीत परदेशातल्या ग्राहकांशी बोलतो. कॉल तुटला की ठपका त्याच्यावर. थोरल्या काकूंच्या फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. आजीचं गुरुवारचं भजन इंदूरच्या बहिणीबरोबर व्हिडिओ कॉलवर चालतं. एक दिवस चुलतबहिणीनंच विचारलं, "ताई, सगळ्यांनी वेगवेगळे पैसे भरण्यापेक्षा एकच चांगलं कनेक्शन का नाही घेत?" प्रश्न सोपा होता. उत्तर निम्मं तांत्रिक निघालं आणि निम्मं घरगुती.

एका पत्त्यावर तीन घरं

फायबरची तार घरात येते ती प्रकाश घेऊन. त्या प्रकाशाचे विजेचे संकेत करणारा डबा म्हणजे ओएनटी. त्यातून आलेलं इंटरनेट घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना वाटून देतो तो राउटर. हल्ली बहुतेक वेळा दोन्ही कामं एकाच डब्यात असतात.

एक कनेक्शन इतक्या जणांना कसं पुरतं, हा आजीचा प्रश्न होता. तिला मी पोस्टमनचं उदाहरण दिलं. पोस्टमनला वाड्याचा एकच पत्ता माहीत असतो. पत्र दारात आलं की ते खालचं, मधलं की वरचं, हे घरातलं माणूस बघतं आणि पोचवतं. राउटर हेच करतो. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो. आत तो प्रत्येक फोनला १९२.१६८ ने सुरू होणारा वेगळा पत्ता देतो. हे आतले पत्ते तुमच्याही घरात तेच असतील आणि शेजाऱ्यांकडेही, कारण ते घराबाहेर जातच नाहीत. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच साधारण ४३० कोटी आहेत. अशी वाटणी नसती तर ते जगाला केव्हाच पुरले नसते.

किती वेग लागतो?

इथे एक गोंधळ आधी सोडवायला हवा. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. आता संध्याकाळचा हिशेब करा. एचडी सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस, एका व्हिडिओ कॉलला २ ते ४. दोन टीव्ही, तीन कॉल आणि एक लेक्चर एकाच वेळी चाललं तरी तीस-पस्तीसच्या पुढे आकडा जात नाही. म्हणून आम्ही १०० चा प्लॅन घेतला. ३०० चा घ्या, असं दोघांनी सुचवलं होतं, पण जुन्या घरात वेग कमी पडतो तो बहुधा प्लॅनमुळे नव्हे, भिंतींमुळे.

आमच्या भिंती विटा आणि चुन्याच्या, दीड ते दोन फूट जाड. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून बऱ्यापैकी पार होते, पण तिचा वेग कमी, आणि शेजारपाजारचे राउटर व मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्टीत गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण एक-दोन जाड भिंतींत दमते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे दोन्हींची पंचाईत.

डबा कुणाच्या खोलीत?

कनेक्शन बसवायला आलेला माणूस तार जिथून घरात शिरते तिथेच डबा ठोकायला बघतो. आमच्याकडे ती जागा म्हणजे थोरल्या काकांची दिवाणखान्यातली खिडकी. काकांना ते योग्यच वाटत होतं. थोरल्या घरात डबा, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही इतकंच. धाकट्या काकांचं म्हणणं, सगळ्यात जास्त गरज वर आहे. बाबा म्हणाले, बिल माझ्या नावावर येणार, तर डबा मध्ये असू दे. दोन दिवस तिन्ही भाऊ एकमेकांशी फारच अदबीनं बोलत होते. आमच्याकडे हे चांगलं लक्षण नाही.

मी वाद न घालता मोजमाप केलं. सिग्नल मोजायला इंटरनेट लागत नाही, राउटर नुसता चालू असला तरी पुरतो. बाबांचा जुना राउटर एकेका जागी ठेवून, फोनवर वायफायची ताकद दाखवणारं अ‍ॅप घेऊन मी सगळ्या खोल्या फिरले आणि कागदावर आकडे लिहिले. हे आकडे उणे असतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली आशा सोडायची. राउटर दिवाणखान्यात ठेवला तर वरच्या अभ्यासाच्या खोलीत उणे ८४. वरच्या मजल्यावर ठेवला तर आजीच्या खोलीत तेच. जिन्याच्या वळणावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये ठेवला तर वर उणे ६६, आजीच्या खोलीत उणे ६४. फक्त मागचं स्वयंपाकघर कच्चं राहत होतं.

कागद बघून कुणी काही बोललं नाही. जिना कुणाच्याच वाटणीत नाही, त्यामुळे हरलं कुणीच नाही. शिवाय २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे. डबा तळमजल्यावर नसणं बरंच. बसवणाऱ्या माणसाला आधीच सांगून तार तिथपर्यंत नेली. फायबरला काटकोनात वाकवू देऊ नका, आतला प्रकाश बाहेर गळतो. मोठं गोल वळण ठेवायचं.

जुना राउटर कामाला

स्वयंपाकघरासाठी नवीन काही विकत घेतलं नाही. सिग्नल उचलून पुढे फेकणारे स्वस्त एक्स्टेंडर मिळतात, पण त्यातले बरेच एकाच पट्टीवर ऐकतात आणि त्याच पट्टीवर बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. वायर टाकता येत असेल तर वायरच टाकावी. कॅट-६ ची वायर १०० मीटरपर्यंत चालते. दुकानात ती शुद्ध तांब्याचीच मागा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही त्याच रंगात मिळते. विजेच्या तारांच्या पट्टीतून ती नेऊ नका.

जुना राउटर असा जोडला. आधी तो एकटा लॅपटॉपला वायरनं लावून त्याचं सेटिंगचं पान उघडलं. त्याचा आणि नव्या डब्याचा पत्ता एकच होता, १९२.१६८.१.१, म्हणून जुन्याचा शेवटचा आकडा २ केला. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद केलं. एका घरात पत्ते वाटणारा एकच हवा. वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्या डब्याचेच ठेवले. चॅनल वेगळं दिलं; २.४ च्या पट्टीत १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. शेवटी नव्या डब्याकडून आलेली वायर जुन्याच्या लॅन खोबणीत लावली, वॅनमध्ये नाही. थोरल्या काकू आता पोळ्या लाटता लाटता ऑर्डरी घेतात.

चुलतभावाच्या टेबलापर्यंतही एक वायर नेली. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर, हा नियम लक्षात ठेवा. टीव्ही आणि संगणक वायरवर गेले की फोनसाठी हवा मोकळी राहते.

किल्ली कुणाकडे?

पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा राउटरच्या सेटिंगचा. तो कंपनीनं दिलेला तसाच राहू देऊ नका. सुरक्षेत डब्ल्यूपीए-३, नसेल तर डब्ल्यूपीए-२ निवडा. बटण दाबून जोडणी करणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करा.

खरा प्रश्न या दुसऱ्या पासवर्डचा आहे, कारण त्यानं उघडणाऱ्या पानावर कोणता फोन केव्हा जोडलेला आहे ते दिसतं. काही राउटर कोणत्या साइट उघडल्या त्यांची यादीही ठेवतात. आतला मजकूर सहसा दिसत नाही, पण नावावरून लोक अंदाज बांधतातच. पहिल्याच आठवड्यात धाकट्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगा रात्री खरंच काम करतो ना, बघून सांगशील?" मी म्हटलं, "काका, आज त्याचं बघितलं तर उद्या तुमचंही बघावं लागेल." ते हसले, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर आम्ही ठरवलं. साइटची नोंद बंद. सेटिंगचा पासवर्ड कागदावर लिहून आजीच्या कपाटात, आणि उघडायचा तर दोन घरांतलं एकेक माणूस समोर हवं. बारावीच्या मुलीचं नेट रात्री बंद व्हावं, अशी तिच्या आईची इच्छा होती. तशी सोय राउटरमध्ये असते. पण आधी तिलाच विचारलं. तिनं साडेअकराची वेळ दिली, आणि तीच लावली. एकत्र घरात एकमेकांच्या खोलीत शिरताना आपण दार वाजवतो. नेटलाही तोच रिवाज हवा.

बिलाचे तीन समान भाग. माणशी की चुलीमागे, यावर चर्चा झाली, पण प्लॅनचे पैसे ठरलेले असल्यावर कुणी किती वापरलं याचा मीटर ठेवण्यात अर्थ नव्हता.

ओट्यावरचा पाहुणा

समोरच्या घरातल्या मुलानं पासवर्ड मागितला. मी नाही म्हटलं, तर आजी रागावली. "प्यायला पाणी मागितलं तर नाही म्हणतो का आपण?" मी समजावलं की दिलेलं पाणी तो पिऊन जाईल, पण नेटवर तो जे करेल ते बाबांच्या नावावर येईल, आणि घराबाहेर कनेक्शन वाटणं कंपनीच्या अटींतही बसत नाही. आजीनं विचार करून सांगितलं, "मग आपल्या ओट्यावर बसून वापरू दे." त्यासाठी राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू केलं. त्यावरून घरातले बाकीचे फोन, लॅपटॉप दिसत नाहीत. पासवर्ड दर महिन्याला बदलतो. त्या मुलानं कॉलेजचा फॉर्म आमच्या ओट्यावरच भरला.

बंद पडलं तर

जिन्यात एक कागद चिकटवला आहे. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर बाहेरची तार बिघडली आहे, कंपनीला फोन करा. लाल नसेल तर डबा बंद करून चालू करा आणि दोन मिनिटं थांबा. तरीही अडलं तर लॅपटॉपला वायर लावून वेग बघा. वायरवर ठीक असेल तर दोष वायफायचा. वीज गेल्यावर डबाही बंद पडतो, म्हणून त्याला छोटा डीसी यूपीएस लावला आहे. तो घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा. फायबरमधून वीज येत नाही, पण अ‍ॅडॉप्टरमधून येते, तेव्हा पावसाळ्यात जोराचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढलेला बरा.

शेवटी एकच सांगते. तुमच्याकडे कनेक्शन बसवायला माणूस येईल त्या दिवशी सुट्टी घ्या, आणि आदल्या दिवशी सगळ्या खोल्यांचे आकडे कागदावर लिहून ठेवा. डबा कुठे बसणार हे त्या अर्ध्या तासात ठरतं, आणि एकदा ठोकलेला डबा वर्षानुवर्षं तिथेच राहतो.