काटोलची जुनी छायाचित्रे आणि त्यांतली निनावी माणसे

प्रस्तुत स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले, तेव्हा दोन-तीन रविवारांत ते उरकेल असा आमचा समज होता. प्रत्यक्षात चार महिने लागले. कार्यालयातल्या कपाटात गठ्ठे पुष्कळ निघाले, परंतु ते जवळजवळ सगळे व्यासपीठाचे होते. हार घालणारे, हार घालून घेणारे, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिलेले पाहुणे. वसतिगृहाची विहीर खणली ती कोणी, भिंती उभ्या राहत असताना गवंड्यांच्या हाताखाली कोण राबत होते, पहिल्या तुकडीतील मुले ज्या टिनाच्या शेडखाली जेवायला बसत ती शेड कशी होती, याचे एकही चित्र त्यात नव्हते. अखेर आम्ही काटोलच्या बाजारातील एका जुन्या स्टुडिओची पायरी चढलो.

स्टुडिओचे मालक आता सत्तरी ओलांडलेले आहेत. लग्न, बारसे, शाळेचा वार्षिक फोटो आणि अर्जासाठी लागणारा पासपोर्ट फोटो यांवर त्यांचा संसार चालला. त्याखेरीज त्यांच्याकडे एक काम नेहमी येई. रस्ता, नाली, पाण्याची टाकी, पूल असे काही सार्वजनिक बांधकाम निघाले की ठेकेदार त्यांना बोलावून नेई. काम सुरू होण्यापूर्वीचा एक फोटो, चालू असतानाचा एक आणि पूर्ण झाल्यावरचा एक. हे फोटो देयकाला जोडले जात. आमच्या गावाचा अर्धाअधिक दृश्य इतिहास असा ठेकेदारांच्या बिलांना टाचलेला आहे, ही गोष्ट आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आधी सुचायला हवी होती.

त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यात, मग तो आग्फा क्लिक असो की याशिका, १२० क्रमांकाचा रोळ भरला की चौकोनी बारा चित्रे मिळत. बारांपैकी एकही वाया घालविणे परवडत नसे. तरीही ठेकेदाराचे काम आटोपल्यावर शिल्लक राहिलेली एक-दोन चित्रे ते स्वतःसाठी काढीत. जाम नदीचा पूर पाहायला जमलेली गर्दी, संत्र्याच्या हंगामात पेट्या ठोकणारे हात, आठवडी बाजारातील मातीची मडकी, इटारसीकडून आलेल्या गाडीतून उतरणारी माणसे. ही चित्रे कोणी विकत घेतली नाहीत. ती खोक्यांत पडून राहिली.

पडून राहिली तीसुद्धा सगळी नव्हे. कृष्णधवल निगेटिव्हवर चांदीच्या कणांचा थर असतो आणि जुन्या एक्स-रे फिल्मप्रमाणे त्यातूनही चांदी काढता येते. अशी फिल्म किलोवर घेणारे फेरीवाले एकेकाळी गावोगाव हिंडत. स्टुडिओ बदलताना जागा अपुरी पडली म्हणून त्यांनी दोन पोती दिली. किती पैसे मिळाले ते आता त्यांना आठवत नाही. त्या पोत्यांत नेमके काय होते, तेही नाही.

उरलेल्या खोक्यांत आम्हाला एक चित्र सापडले. मुख्य रस्त्याच्या कडेला पाण्याच्या नळाची लाइन टाकण्यासाठी खोल चर खणलेला आहे. पुढे विलायती टोपी घातलेले एक साहेब कमरेवर हात ठेवून उभे आहेत. त्यांच्यामागे, चराच्या काठावर, डोक्यावर मातीची टोपली घेतलेल्या सात स्त्रिया. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आणि साहेबांचे पद लिहिलेले. स्त्रियांविषयी अक्षरही नाही. हे चित्र आम्ही पालकसभेत फिरविले तेव्हा मागच्या रांगेतील एक बाई उठून उभ्या राहिल्या. डावीकडून तिसरी आपली आई आहे, असे त्या म्हणाल्या. आईचा एकही फोटो घरात नाही, हेही त्यांनी सांगितले. ज्या नळाचा चर त्या माउलीने खणला, तो नळ त्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे गेली.

छायाचित्र हा पुरावा असतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु पुरावा कशाचा, हे चित्र कोणी काढविले यावर अवलंबून असते. १८३९ मध्ये युरोपात छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. ब्रिटिश सरकारने या साधनाचा उपयोग ओळखायला वेळ लावला नाही. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. त्यांत माणसे होती, पण जातीचे आणि जमातीचे नमुने म्हणून. आपल्या मध्यप्रांतापुरते पाहायचे तर रसेल आणि हिरालाल यांचे जातीजमातींवरील चार खंड १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील चित्रांखाली बहुधा जात किंवा व्यवसाय दिलेला असतो, व्यक्तीचे नाव क्वचितच. आमच्या पाणीपुरवठ्याच्या चित्रातील साहेबांचे पद लिहिणाऱ्या आणि स्त्रिया वगळणाऱ्या लेखणीला अशी जुनी परंपरा आहे.

ही परंपरा उलटी फिरविणारे छायाचित्रकार आपल्याच विदर्भातून पुढे आले, याचा उल्लेख आम्ही अभिमानाने करतो. सुधारक ओलवे यांचा जन्म अकोल्याचा. १९८८ पासून त्यांनी मुंबईत वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून काम केले. त्यांचे खरे मोठे काम म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे चित्रण. शहराची नालेसफाई, गटारसफाई आणि कचरा वाहण्याचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने दलितांच्याच वाट्याला आले आहे. ओलवे यांनी ते दुरून टिपले नाही. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस आणि तोच माणूस त्याच्या घरात, मुलाबाळांमध्ये, असा त्यांचा क्रम आहे. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमात निवडलेल्या चार छायाचित्रकारांत ते होते; २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कारांपेक्षा आम्हाला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. सार्वजनिक काम म्हणजे पूल आणि टाकी एवढेच नव्हे, तर ते रोज हाताने करणारा माणूस, हे त्यांनी चित्रांतून दाखविले.

याच संदर्भात नामदेव व्हटकर यांचे स्मरण होते. डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईत निघालेली परमपूज्य बाबासाहेबांची अंत्ययात्रा त्यांनी पदरमोड करून चलचित्रित केली. त्यांनी कॅमेरा उभा केला नसता तर तो जनसागर आज आपल्याला केवळ वर्णनांतून कल्पावा लागला असता. त्याआधी दोनच महिने, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या भागातील असंख्य कुटुंबे होती. त्या गर्दीतला एखादा चेहरा आपल्या आजोबांचा असेल का, म्हणून भिंग घेऊन ती चित्रे न्याहाळणारे वाचक याही स्मरणिकेला लाभतील.

आता छायाचित्रांचा तुटवडा नाही. २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांचे फोटो अक्षांश-रेखांशासह दिवसातून दोनदा घेणे बंधनकारक झाले. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात ही योजना देशाला दाखविली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला, त्या काळातील खडी फोडणाऱ्या हातांची चित्रे मोजकीच आहेत. आज एकेका मजुराचे शेकडो फोटो निघतात. पण ते हजेरीसाठी असतात. त्यांत माणूस दिसतो तो हजर की गैरहजर एवढ्यापुरता. ठेकेदाराच्या बिलाचा फोटो आणि हा फोटो यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो शिल्लक राहिलेल्या त्या एक-दोन चित्रांचा, जी कोणी मागितली नव्हती.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर अलगद सोडवून घ्या. तो गोंद काही वर्षांत चित्र पिवळे पाडतो. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. साल, ठिकाण आणि मुख्य म्हणजे डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव. ‘इतर मंडळी’ असे लिहू नका. निगेटिव्हना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती फिल्म सडू लागली आहे असे समजा. ती बाकीच्यांपासून वेगळी करून लवकर स्कॅन करून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांपेक्षा कागदी पाकिटे बरी, आणि सज्जावरच्या पत्र्याच्या पेटीपेक्षा घरातील थंड, कोरडे कपाट. मोबाइलमधील चित्रांपैकी वर्षाला निदान दहा कागदावर छापून घ्या. फोन बिघडला की सगळेच जाते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

स्टुडिओच्या मालकांनी उरलेली खोकी शाळेकडे सोपविली आहेत. इतिहास मंडळातील नववीची मुले दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात बसून त्यांची नोंद करीत आहेत. चराच्या काठावरील सात स्त्रियांपैकी आतापर्यंत तिघींची नावे कळली आहेत. ते चित्र ग्रंथालयाच्या दाराशी मोठे करून लावले आहे आणि शेजारी पेन्सिल बांधून ठेवली आहे. ज्यांना कोणी ओळखू येईल त्यांनी नाव लिहावे. घरचे फोटो आणणाऱ्यांना ते स्कॅन करून त्याच दिवशी परत दिले जातील.