मांजरांची गणती : प्लेगकालीन महाराष्ट्रातील एक प्रकरण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक जिल्ह्याविषयीचा खंड 1883 साली प्रसिद्ध झाला. त्यात जिल्ह्याच्या पशुधनाचे आकडे दिलेले आहेत. बैल, गाई, म्हशी, घोडी, शेळ्यामेंढ्या, गाढवे यांची गणना त्यात आढळते; मांजराची आढळत नाही. यात नवल नाही. जे नांगराला जुंपता येत नाही, दूध देत नाही आणि बाजारात विकले जात नाही, त्याची नोंद सरकारी दप्तराने का ठेवावी? तथापि त्यानंतर पुरी तीन दशकेही लोटली नाहीत तोच मराठी मुलखातील खेड्यांमध्ये एका सरकारी डॉक्टरने मांजरे मोजविली. ही गणती का झाली आणि तिच्यातून काढलेला निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मांजराची सार्वजनिक दखल घेण्याचा एक निराळा मार्ग त्याच काळात इंग्लंडात रूढ होत होता. हॅरिसन वेअर या चित्रकाराच्या पुढाकाराने 13 जुलै 1871 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. उपेक्षित अशा घरगुती मांजराविषयी लोकांत आदर निर्माण व्हावा, हा त्याचा हेतू. 1887 मध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला आणि वेअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला; परंतु सभासदांना मांजराच्या हितापेक्षा बक्षिसांचीच ओढ अधिक, असे दिसून आल्यावर त्याने त्या संस्थेशी असलेला संबंध तोडला. मंडळे स्थापन करून प्रेम करू लागले की प्रेमाचे असे काहीतरी होते.

महाराष्ट्रात मांजराचे स्थान घरातले, पण काहीसे संशयित. एकीकडे ते वाघाची मावशी, षष्ठीदेवीचे वाहन. ही षष्ठी म्हणजेच बाळंतिणीच्या खोलीत जिची पूजा होते ती सटवाई, असे मानतात. मनुस्मृतीत मांजराच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि मांजर मारल्यास सोन्याचे मांजर करून दान द्यावे हा लोकसमजही जुना आहे. दुसरीकडे ते आडवे गेले की माणूस क्षणभर थबकतो, आणि ढोंगी तपस्व्याला बिडालव्रती म्हणण्याची परंपरा तर थेट स्मृतिग्रंथांपर्यंत जाते. मांजराला मारू नये, पण त्याच्यावर विश्वासही ठेवू नये, असा हा एकंदर भाव होय. घरोघरी मांजर असे ते मुख्यतः कणगीसाठी.

1896 च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग, तत्कालीन मराठीत ग्रंथिक सन्निपात, प्रकट झाला आणि रेल्वेच्या मार्गाने देशावर पसरला. नाशिकजवळील भगूर येथे 1899 मध्ये दामोदरपंत सावरकर या रोगाने मृत्यू पावले. त्यानंतर त्यांच्या मुलांना गाव सोडून नाशिकला यावे लागले. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलून रानात झोपडी घालावयाची, हा त्या वर्षांतील सार्वत्रिक अनुभव आहे. हिंदुस्थानात या साथीने पुढील काळात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

सरकारने प्रथम सक्तीचा मार्ग धरला. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, सामानाची जाळपोळ यांनी लोकक्षोभ इतका वाढला की जून 1897 मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. हाफकिनने त्याच वर्षाच्या जानेवारीत आपल्या लसीचा पहिला प्रयोग स्वतःवर केला होता, पण लशीविषयीही लोक साशंक होते. पुढे सिमाँ, लिस्टन आणि 1905 नंतर मुंबईतील प्लेग संशोधन आयोग यांच्या कार्याने उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे सिद्ध झाले. उंदीर कमी करावे हे ओघानेच आले. परंतु सापळे आणि विष यांना अनेक घरांत विरोध होता. गणपतीच्या वाहनाची हत्या आपल्या हाताने कोण करणार?

अशा वेळी अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी मांजराकडे लक्ष वेधले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या प्रशासनाखाली होते. ब्युकॅनन यांनी खेड्यांतील घरे आणि त्यांतील मांजरे मोजविली, आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग नाही, जेथे ती थोडी तेथे प्लेग आहे, असा संबंध मांडला. 1908 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी जपानच्या भेटीत मांजरे पाळण्याचीच शिफारस केली. या उपायाचे आकर्षण उघड आहे. त्याला शिपाई लागत नाही, घराचा उंबरठा परक्याने ओलांडावा लागत नाही, आणि उंदीर मारल्याचे पातक असलेच तर ते मांजराच्या स्वभावावर जाते.

परंतु सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. प्लेग सर्व खेड्यांत सारखा पसरत नसे. बाजारपेठ आणि रेल्वे यांच्यापासूनचे अंतर, धान्याचा साठा, घरांची बांधणी यांवर पुष्कळ अवलंबून असे. दोन खेड्यांत मांजरांखेरीज दुसरा कोणताच फरक नव्हता, हे नुसत्या गणतीने सिद्ध होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोगट उंदीर मेला की त्याच्या पिसवा नवे शरीर शोधतात, आणि अशा वेळी सर्वांत जवळचे शरीर असते ते मांजराचे. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो. अमेरिकेत 1977 ते 1998 या काळात मांजरांपासून माणसांना प्लेग झाल्याची 23 प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी 5 रुग्ण दगावले.

मांजर उंदीर किती मारते, हाही प्रश्न आहे. न्यूयॉर्कमधील एका कारखान्यात 2018 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात 79 दिवसांत मांजरांनी अवघे दोन उंदीर मारल्याचे आढळले. तथापि ते उंदीर मोठ्या, बिळात राहणाऱ्या जातीचे होते. आपल्याकडे माळ्यावर आणि कौलांखाली राहणारा काळा घरउंदीर अंगाने लहान. प्लेगच्या काळात मुख्य दोषी तोच. मांजर घुशीच्या वाटेला सहसा जात नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल. पण घरउंदराच्या वावरावर त्याच्या केवळ वासाचाही परिणाम होतो. ब्युकॅनन यांचा आग्रह म्हणूनच सर्वस्वी भ्रामक म्हणता येणार नाही. रोगाची साथ पोहोचण्यापूर्वी उंदरांची वस्ती विरळ ठेवण्यापुरते मांजर उपयोगी. साथ घरात आल्यावर तेच धोक्याचे.

अलीकडच्या वर्षांत मुंबईत मांजरांची प्रदर्शने भरू लागली असून पर्शियन जातीच्या मांजरांना तेथे गर्दी लोटते. वऱ्हाडातील ती गणती मात्र पुढे कोणी चालविली नाही. 2019 मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशींबरोबर कुत्रे, ससे आणि हत्तीही मोजले गेले. मांजराचा रकाना त्या यादीत नव्हता.