जाळ आवरत आवरत

भाचीच्या उजव्या कानामागे डॉक्टरांनी रुपयाएवढ्या जागेवर लेसर मारून पाहिला आणि सहा आठवडे थांबायला सांगितलं. ती हिरमुसली. लग्न मार्चमध्ये होतं आणि गालांवरचे मुरमांचे खड्डे तिला त्याआधी घालवायचे होते. मला मात्र त्या थांबण्यात या उपचाराची साठ वर्षांची शिकवणी दिसत होती.

१९६० साली थिओडोर मेमन यांनी माणिकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. तीनच वर्षांत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन तो माणसाच्या त्वचेवर वापरून पाहत होते. पण चेहरा नव्याने घडवणारा लेसर आला तो १९६४ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून तो तयार केला. पटेल जन्मले बारामतीत आणि अभियांत्रिकी शिकले पुण्यात. हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. पाणी त्याला चटकन शोषून घेतं आणि त्वचेत तर पाणीच जास्त. किरण पडला की वरचा थर वाफ होऊन उडतो आणि खालून नवी त्वचा येते. अडचण उष्णतेची होती. सुरुवातीचे लेसर सलग चालत, जाळ आजूबाजूला पसरे आणि डाग घालवायला गेलेल्याला नवा व्रण मिळे. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी त्यावरचं उत्तर मांडलं: उष्णता पसरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत किरण थांबवा. पुढे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकणारी यंत्रं आली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेत चेहरे सोलून घेण्याची लाटच उसळली. उन्हाने सुरकुतलेली कातडी खरोखर घट्ट, नितळ होत होती. पण आठवडा-दोन आठवडे चेहरा ओलाकच्च राही, लाली महिनोन्‌महिने उतरत नसे. सगळं छान झालं असं वाटून सहा महिने उलटावेत आणि मग काहींच्या चेहऱ्यावरचा रंगच फिका पडावा, जबड्याच्या कडेला गोऱ्या-सावळ्याची रेघ उमटावी. तो गेलेला रंग सहसा परत येत नसे.

२००४ साली मॅनस्टीन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्रॅक्शनल’ पद्धत मांडली. पूर्ण थर जाळायचा नाही. सुईच्या टोकाहून बारीक ठिपके पाडायचे आणि मधली त्वचा तशीच ठेवायची, म्हणजे ती शेजारच्या जखमा भरून काढते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना हीच. भाजल्याच्या ताठ व्रणांवर ती वापरली की कातडी मऊ होते आणि आखडलेलं बोट, कोपर थोडं मोकळं होऊ शकतं. जाहिरातीत मात्र नवरीची चमकच दिसते.

आणि आपली त्वचा? त्वचेचे प्रकार ठरवणारी फिट्झपॅट्रिक यांची मोजणी १९७५ची. तेव्हा तीत गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पुढचे दोन नंतर जोडले गेले. बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. तिच्यातल्या रंगपेशी जरा डिवचल्या की काळं सोडतात. वांगावर उत्साहाने लेसर मारला की वांग अधिक गडद होऊ शकतो, तो याचमुळे. ‘लंचमध्ये या, संध्याकाळी चमका’ असं सांगणाऱ्या ठिकाणी हे कुणी बोलत नाही आणि त्याचा मला राग येतो.

भाचीच्या डॉक्टरांनी खूप विचारलं. मुरमांसाठी गोळ्या घेतल्या का, कधी थांबवल्या? ओठांवर तापाचे फोड येतात का? (तो विषाणू झोपलेला असतो, सोललेल्या त्वचेवर तो उठला तर चेहराभर पसरू शकतो, म्हणून आधीच औषध देतात.) गालावर बोट ठेवून त्यांनी दाखवलं, हे पसरट खड्डे लेसरने उथळ होतील, हे सुईने टोचल्यासारखे खोल आहेत, त्यांना वेगळा उपाय लागेल. ‘पूर्ण जातील’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

सहा आठवड्यांनी कान पुढे दुमडून पाहिलं, तर तिथे चौकोनी, चहाच्या डागासारखा काळसर ठसा. हाच गालभर उमटला असता. भाची बराच वेळ आरशाकडे पाहत राहिली.

तो ठसा पुसट व्हायला चार महिने लागले. लग्न खड्ड्यांसकट झालं. जुलैत, ऊन ओसरल्यावर, डॉक्टरांनी यंत्राची ताकद बरीच उतरवून पहिलं सिटिंग घेतलं. पाऊण तास सुन्न करणारं मलम, डोळ्यांवर झाकण, मग टकटक आवाज आणि लव जळल्याचा वास. तिसऱ्या दिवशी गाल बारीक वाळू चिकटल्यासारखे खरखरीत झाले होते. सहाव्या दिवशी तिने फोनवर सांगितलं, ‘मावशी, खपल्या आपोआप पडतायत, मी एकही ओढली नाही.’