कार्बन कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. म्हसळ्यात घरांवरचे पत्रे, कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले. घरातले भिजलेले कागद गेले ते गेलेच. पण ऑनलाइन सातबारा वाचला, कारण ती नोंद दूरच्या सर्व्हरवर होती. मग त्या सर्व्हरचेच काही झाले तर? ‘त्याची कॉपी असते,’ असे उत्तर मिळते. ते अर्धेच आहे.

मोठ्या संस्थांची माहिती डिस्कच्या भल्यामोठ्या कपाटांत साठवलेली असते आणि तिच्या प्रती दोन तऱ्हेने निघतात. रेप्लिकेशन म्हणजे कार्बन पेपर: वर लिहाल ते त्याच क्षणी खाली उमटते. बॅकअप म्हणजे रोज रात्री वहीची झेरॉक्स काढून, तारीख घालून कुलपात ठेवणे.

कार्बन पेपरला अंतर सोसत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. जाऊन यायला निदान १० मिलिसेकंद. क्षणाक्षणाला शेकडो सौदे नोंदवणाऱ्या शेअर बाजाराला दर नोंदीमागे एवढे थांबणे परवडत नाही. म्हणून राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, क्षणोक्षणीची प्रत जवळच कुर्ल्यात आणि संकटकाळचे केंद्र चेन्नईत, अशी मांडणी होती.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-कुर्ल्यामधल्या दूरसंचार जोडण्या डळमळल्या. अशा वेळी मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवायचे असते. एनएसईच्या खुलाशानुसार घडले उलटेच: मुख्य स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासे झाले. सकाळी ११.४० ला बाजार थांबला, तो दुपारी ३.४५ ला सुरू झाला. माहिती शाबूत होती, पण वहीच उघडत नव्हती!

दुसरा धोका आपल्या तब्येतीशी थेट जोडलेला आहे. कार्बन पेपरला चूक-बरोबर कळत नाही. नोंद पुसली की प्रतही पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने फाइल कुलूपबंद केली की तीच कुलूपबंद फाइल पलीकडेही जाते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला. ओपीडीचे काम कित्येक दिवस कागदावर चालले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्याची झळ न लागलेल्या बॅकअप सर्व्हरवरून, असे सरकारने संसदेत सांगितले.

मोबाइलमधल्या फोटोंचेही असेच आहे. सिंक चालू असताना फोनमधला फोटो डिलीट केला की बहुधा क्लाउडमधलाही जातो.

म्हसळ्यातल्या एखाद्या छोट्या दवाखान्याला चेन्नईत केंद्र उभारायची गरज नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क पुरतात, पासवर्ड घातलेल्या. कॉपी झाली की वायर काढून ठेवायची. जोडलेली डिस्क व्हायरसला संगणकाचाच भाग वाटते. एक दवाखान्यात, दुसरी माणगावला विश्वासातल्या कुणाकडे. आणि मे महिन्यात, कौले शाकारतानाच, दोन्ही डिस्कमधली एखादी जुनी फाइल खरोखर उघडते का, ते बघून घ्यायचे.