लाटेवरची फळी आणि तिचं छोटंसं शेपूट

मुलांनो, भाईंदरच्या मासळीबाजारात बर्फ भरलेली थर्मोकोलची पांढरी खोकी तुम्ही पाहिलीच असतील. ब्राझीलमधल्या बाइया फोर्मोझा या किनाऱ्यावरच्या गावात एक लहान मुलगा अशाच खोक्याचं झाकण घेऊन लाटांवर घसरगुंडी खेळायचा. वडिलांचा धंदा मासळीचा, त्यामुळे झाकणांना तोटा नव्हता! त्या मुलाचं नाव ईतालो फेरेरा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग या खेळाचा पहिल्यांदाच समावेश झाला. २०२१ साली झालेल्या त्या स्पर्धेत पुरुषांचं सुवर्णपदक याच ईतालोने पटकावलं. अंतिम फेरी सुरू होताच त्याचा बोर्ड मोडला होता, तरीसुद्धा!

सर्फिंग म्हणजे एका फळीवर उभं राहून फुटत्या लाटेवरून घसरत जाणं. ही फळी नऊ फूट किंवा त्याहून लांब असली, की तिला लाँगबोर्ड म्हणतात. अशी फळी घरी बनवणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत. त्यांना दोन प्रश्न सोडवावे लागतात. फळी कशाची करायची? आणि तिच्या पोटाखाली शेपटासारखा जो फिन बसवतात, तो कसा निवडायचा? चला तर, आपणही ते सोडवून पाहू.

पांगाऱ्याचा हवाईयन भाऊ

सर्फिंगचं माहेर म्हणजे पॅसिफिक महासागरातली हवाई बेटं. तिथले राजे-सरदार ‘ओलो’ नावाच्या लांबलचक फळ्या वापरत. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात अशा जुन्या फळ्या जपून ठेवल्या आहेत. पंधरा-सोळा फूट लांब आणि वजन साठ किलोहून अधिक! ओलोसाठी ‘विलीविली’ नावाच्या झाडाचं हलकं लाकूड पसंत करत. हे झाड कोण, ठाऊक आहे? आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊच! सावंतवाडीचे कारागीर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत फळं आणि खेळणी बनवत आले आहेत. आणि ‘कोआ’ हे फळ्यांसाठीचं दुसरं लाकूड आपल्या बाभळीच्या गोतावळ्यातलं.

पण हलकं लाकूडच का? इथे थोडं गणित करू. एका लाँगबोर्डचं आकारमान साधारण ७० लिटर धरा. तो पूर्ण बुडाला तर ७० लिटर समुद्राचं पाणी बाजूला सारेल. त्या पाण्याचं वजन सुमारे ७२ किलो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे पाणी बोर्डला तेवढ्याच जोराने वर ढकलेल. आता हा बोर्ड भरीव सागाचा असेल, तर त्याचंच वजन ४५ किलोच्या आसपास. म्हणजे तुमच्यासाठी शिल्लक उरले अवघे २७ किलो! बाल्सा नावाच्या अतिहलक्या लाकडाचा केला तर बोर्डचं वजन ११-१२ किलो आणि शिल्लक ६० किलो. थॉर हायरडाल आणि त्याचे सोबती १९४७ साली ‘कॉन-टिकी’ या तराफ्यावरून पॅसिफिकमधून १०१ दिवस प्रवास करत गेले, तो तराफा याच बाल्साच्या ओंडक्यांचा होता.

आजचे बहुतेक बोर्ड मात्र लाकडाचे नसतात. आत हलका फोम आणि वर काचतंतूंच्या कापडाचं कडक कवच, अशी त्यांची रचना असते. अगदी करंजीसारखी! पारी कडक, सारण मऊ. थर्मोकोलची पट्टी वाकवली तर कटकन मोडते. पण तिच्या दोन्ही बाजूंना खळीने कागद चिकटवा, वाळू द्या आणि मग वाकवून बघा. आता ती सहजासहजी मोडणार नाही, कारण ताण कागद सोसतो. बोर्डमध्ये हेच काम काचतंतूंचं कापड करतं. शिवाय बऱ्याच बोर्डांच्या मधोमध लांबीभर लाकडाची एक पट्टी बसवतात. होडीला जसा कणा, तसाच हा बोर्डचा कणा.

कापड चिकटवायला रेझिन लागतं, आणि खरी मेख इथेच आहे. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असतं, पण त्यात स्टायरिन असतं आणि ते थर्मोकोलला चक्क विरघळवून टाकतं. कष्टाने तासलेला बोर्ड डोळ्यांदेखत खड्ड्याखड्ड्यांचा होतो! म्हणून थर्मोकोलच्या बोर्डला एपॉक्सी रेझिनच वापरायचं. पॉलियुरेथेन नावाचा दुसरा फोम असेल, तर पॉलिएस्टर चालतं.

लाकडाचाच हट्ट असेल तर बोर्ड पोकळ करायचा. होडीत असतात तशा आत प्लायवूडच्या बरगड्या आणि वरून पातळ पट्ट्या. फक्त त्याला हवा जाण्यासाठी एक छोटं बूच हवं. नाहीतर उन्हात आतली हवा फुगते आणि सांधे उकलतात.

शेपूट आलं १९३५ साली

हवाईच्या जुन्या फळ्यांना फिन नव्हता. वळायचं असलं की पाय पाण्यात घालून दिशा बदलायची. चढ्या लाटेवर फळीची शेपटी आडवी घसरे आणि स्वार धपकन पाण्यात! टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन सर्फरने १९३५ साली एक युक्ती केली. एका जुन्या स्पीडबोटीच्या तळाची पट्टी काढून त्याने ती आपल्या फळीच्या पोटाखाली, शेपटीकडे बसवली. आणि काय आश्चर्य! फळी घसरायची थांबली.

असं का झालं? बादलीभर पाण्यात हात घाला. तळहाताची कड पुढे करून हात हलवा. पाणी सहज कापलं जातं. आता तळहात आडवा धरून ढकला. पाणी केवढा विरोध करतं! फिनचं गुपित तेवढंच. पुढे जाताना तो पाणी कापतो, पण आडवं सरकायचं म्हटलं की अडून बसतो.

उत्तनच्या किनाऱ्यावर होडी ओढून ठेवलेली असली, तर तिचं सुकाणू पाहून या. सुकाणू फिरतं आणि होडीला वळवतं. फिन मात्र जागचा हलत नाही. वळायचं काम सर्फर करतो, आपलं वजन एका बाजूला टाकून. फिन फक्त पाण्याला धरून ठेवतो.

कोणता फिन घ्यावा?

लाँगबोर्डसाठी एक सोपा ठोकताळा आहे: जितके फूट बोर्ड, तितके इंच फिन. म्हणजे नऊ फुटी बोर्डला नऊ इंची फिन. मोठा, उभट, रुंद बुडाचा फिन बोर्डला सरळ आणि स्थिर ठेवतो, पण वळायला जड जातो. लहान फिनवर बोर्ड चटकन वळतो, पण तितकाच चटकन घसरतोही. फिनचं टोक मागे झुकलेलं असेल तर वळण लांबरुंद, डौलदार होतं. टोक लवचीक असेल तर वळताना ते वाकतं आणि परत सरळ होताना पुढे रेटा देतं. जॉर्ज ग्रीनो नावाच्या सर्फरने १९६० च्या दशकात असे लवचीक फिन बनवले, ते ट्यूना माशाकडे बघून. ट्यूना म्हणजे आपला कुपा! पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा कुप्याची चंद्रकोरीसारखी शेपटी जरूर पाहा.

फिनची जागाही महत्त्वाची. पुष्कळ लाँगबोर्डांच्या पोटाला एक लांब खाच असते. तिच्यात फिन मागे सरकवला की बोर्ड स्थिर, पुढे सरकवला की वळायला मोकळा. छोट्या बोर्डांना तीन फिन असतात. ही पद्धत सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९८०-८१ च्या सुमारास रूढ केली. पण नवशिक्याच्या लाँगबोर्डला मधला एकच फिन पुरे.

तो घरी करायचा तर जलरोधक प्लायवूड उत्तम. साध्या फळीला एकाच दिशेने रेषा असतात, त्यामुळे ती रेषेवर चिरते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते टिकतं. दोन्ही बाजू सारख्या तासून पुढची कड गोलसर आणि मागची निमुळती करायची, वरून काचतंतूंचं कापड आणि एपॉक्सी. धारदार मात्र ठेवायचा नाही; पाण्यात पडल्यावर तोच फिन पायाला लागतो!

करून पाहा

खऱ्या बोर्डच्या नवव्या हिश्शाचा नमुना करू. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातून निघालेल्या थर्मोकोलची एक फूट लांब, अडीच इंच रुंद पट्टी मोठ्यांकडून कापून घ्या. पुढचं टोक गोलसर करा. दह्याच्या रिकाम्या डब्याच्या प्लास्टिकमधून एक इंच उंचीचे दोन-तीन आकारांचे फिन कापा. पट्टीच्या पोटाला तीन ठिकाणी चिरा पाडा: शेपटीजवळ, थोडं पुढे आणि अगदी मधोमध. आता टबात आधी फिनशिवाय आणि मग एकेका चिरेत फिन खोचून पट्टी ढकला. प्रत्येक वेळी जोर सारखाच हवा. कधी सरळ गेली, कधी भरकटली, ते वहीत लिहून ठेवा. फिन मधोमध असताना काय होतं, ते आम्ही सांगणार नाही!

आई-बाबांसाठी

पुरा बोर्ड बनवणं हे मोठ्यांचं काम आहे. रेझिनची वाफ आणि काचतंतूंची धूळ छातीला व त्वचेला अपाय करते. मोकळी हवा, योग्य मास्क आणि हातमोजे हवेतच. आणि बोर्ड तयार झाला, म्हणजे समुद्र तयार आहे असं नव्हे. उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर खडक आहेत, होड्यांचे दोर आणि जाळी आहेत. पावसाळ्यात तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. समुद्राला रोज भिडणारे कोळीबांधवसुद्धा तेव्हा होड्या किनाऱ्याला ओढतात. तेव्हा आधी पोहणं पक्कं, मग जाणकार प्रशिक्षक, मगच लाट. मंगळूरजवळ मुल्की इथे आणि चेन्नईजवळ कोवलम इथे सर्फिंग रीतसर शिकवतात.

तोवर, दोस्तांनो, टबातला समुद्र आहेच की! तुमची पट्टी कोणत्या चिरेत, कोणत्या फिनने सर्वांत सरळ गेली? आकृती काढून जरूर कळवा.