आकाशातून झाडांचं वजन : हिरवं दिसतं ते भारी असतंच असं नाही

गेल्या आठवड्यात उपग्रह झाडांचा हिरवेपणा कसा वाचतो ते पाहिलं. आज त्यात होणारी फसगत पाहू.

एप्रिल संपत आलाय. लातूरकडे विहिरीला पाणी टिकलंय तिथे ऊस हिरवागार उभा आहे. नांदेडच्या किनवट-माहूरकडे सागाचं जंगल पानं झडून उघडं पडलंय. वरून प्रकाश टिपणाऱ्या उपग्रहाला उसाचा फड या जंगलापेक्षा सरस वाटतो. पण ऊस वर्ष-दीड वर्षात तुटून कारखान्याला जातो आणि सागाच्या खोडात कित्येक वर्षांचं लाकूड साठलेलं असतं. हिरवेपणाचा निर्देशांक पानं मोजतो, लाकूड नाही.

म्हणून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादनाच्या नकाशासाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेते. तेव्हा आभाळ निवळलेलं असतं आणि साग अजून पानांवर असतो. त्यातून झाडांचं छत्र किती दाट ते कळतं, वजन मात्र कळत नाही. त्यासाठी जंगलात उतरून जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजावा लागतो. साग, ऐन, धावडा, प्रत्येकाचं लाकूड कमी-जास्त जड, म्हणून हिशेबही जातीनुसार वेगळा. सुक्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो.

लाकडापर्यंत पोहोचतं ते रडार. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या 'निसार' उपग्रहावर इस्रो आणि नासा यांची दोन रडारं आहेत. त्यांतल्या नासाच्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब. ती पानांतून पार होते आणि फांद्या-खोडांवर आपटून परत येते. मात्र ओली जमीनही तिला जोरात परतवते, आणि आपली काळी माती पाणी किती धरून ठेवते हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे ज्या उन्हाळ्यात प्रकाशचित्रं फसतात, तोच कोरडा काळ रडारला मानवतो. झाडांचं वजन हेक्टरी शंभरेक टनांच्या पुढे गेलं की ही लहर अडखळते. घनदाट जंगलांसाठी युरोपने एप्रिल २०२५मध्ये 'बायोमास' उपग्रह पाठवला, त्याची लहर सुमारे ७० सेंटिमीटर.

 

लातूरचं दुखणं वेगळं. जिल्ह्याचं वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी. इथली झाडं बांधावर, विहिरीपाशी, गावकुसाला. एक हेक्टरपेक्षा लहान झाडोरा वनाच्छादनाच्या नकाशात धरलाच जात नाही. माझ्या मते लातूरची झाडं मोजायची तर नुसत्या आकाशावर विसंबून चालणार नाही, बांधावर जावंच लागेल.

तेव्हा या आठवड्यात एक करा. तुमच्या बांधावरच्या कडुलिंबाचा किंवा बाभळीचा घेर साडेचार फुटांवर सुतळीने मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात त्यावरून वजन काढू.